बाळंतीण गाईचा घास

माझ्या नोकरीतली सगळ्यात बदनाम वस्तू म्हणजे तेलाचा एक चौकोनी पत्र्याचा डबा. पत्रेवाल्याकडून त्याला घट्ट झाकण बसवून घेतलं होतं. आत बर्फ, बर्फात मेणकापडात गुंडाळलेलं कुत्र्याचं मुंडकं, आणि तो डबा मांडीवर घेऊन मी एस्टीनं पुण्याच्या प्रयोगशाळेत निघालेलो. कंडक्टर विचारायचा, "डॉक्टर, तूप का?" मी म्हणायचो, "सरकारी आहे." पुढे कोणी विचारत नसे. एकदा बर्फ वितळून पाणी सीटखालून पुढे वाहत गेलं, एका बाईंनी पाय वर घेतले, आणि त्या दिवशी मला भोसरीलाच उतरावं लागलं. घरात तो डबा कधी आला नाही. बायकोनं त्याच्यासाठी अंगणाच्या टोकाला विटा रचून दिल्या होत्या, त्यापलीकडे तिनं त्याच्याकडे कधी पाहिलं नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. लोक 'ढोरांचा डॉक्टर' म्हणत, तोंडावरसुद्धा. दवाखाना चाकणच्या रस्त्यावर, मोशीच्या अलीकडे, दोन खोल्यांचा. एका खोलीत औषधं, दुसरीत मी आणि मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर. मी तिथे रुजू झालो तेव्हा पिंपरीकडे कारखान्यांच्या शेड एकामागून एक उभ्या राहत होत्या. दवाखान्यात बैल घेऊन येणाऱ्या माणसाच्या अंगावर कंपनीचा खाकी सदरा असायचा आणि तो शिफ्टच्या घाईत असायचा. बैलाला टोचताना तो माझ्याऐवजी घड्याळाकडे बघायचा.

जनावरं बरी करणं हे आमचं निम्मं काम. उरलेलं निम्मं लोकांना फारसं दिसत नाही. जनावरांतून माणसांत येणारे रोग कुठे डोकं वर काढतायत, यावर नजर ठेवायची. मेंढ्या पटापट मेल्या तर त्यांना कोणी फाडू नये म्हणून उभं राहायचं, गाई गाभडायला लागल्या तर दूध कोण कच्चं पितं ते विचारायचं, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे पिसाळ. रेबीज. माणसाला तो एकदा उठला की उपाय नाही, तेव्हा नव्हता आणि आजही जवळजवळ नाहीच. उठायच्या आधी मात्र उपाय आहे. त्यामुळे आमचं सगळं काम म्हणजे त्या मधल्या काळात माणसाला गाठायचं. ते लोकांकडून ऐकीव गोष्टी गोळा करत गाठायचं असतं. लोक जेवढं सांगतील तेवढंच आम्हाला कळतं.

आता यातली एक साधी गोष्ट सांगतो, जी मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगितली आणि कोणी ऐकली नाही. कुत्रं चावलं तर त्याला मारू नका, बांधून ठेवा. पिसाळलेलं असेल तर आठ-दहा दिवसांत ते आपोआप मरतं. जगलं, तर ज्याला चावलं तो माणूस सुखरूप. पण आपल्याकडे कुत्रं चावलं की आधी काठ्या निघतात, आणि काठ्या पडतात त्या डोक्यावर. मग मी डबा घेऊन पोचायचो आणि तपासायचा तो मेंदूच उरलेला नसायचा. कारखान्याच्या वसाहतीतले एक मोठे साहेब होते, त्यांच्या अल्सेशियननं माळ्याला धरलं. साहेब मला इंग्रजीत समजावून सांगत होते की हा कुत्रा चांगल्या घराण्यातला आहे. मी म्हटलं, "घराणं चांगलंच आहे, साहेब, फक्त दहा दिवस बांधून ठेवा." कुत्रा जगला, माळी जगला, साहेब मात्र माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. असली गिऱ्हाइकं पुष्कळ. त्यांच्यावर हसता येतं. ज्यांच्यावर हसता येत नाही त्यातली एक हौसाबाई.

चिखलीच्या पुढे, इंद्रायणीकडे उतरणाऱ्या माळावर एक वाडी होती. वीस-पंचवीस घरं. हौसाबाई तिथली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती आणि तिचा एकुलता मुलगा ज्ञानू. सून पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेलेली. ज्ञानू पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होता, टेम्पररी. त्या काळी टेम्पररी या शब्दाला काय वजन होतं ते आज सांगून कळणार नाही. कामाचे दिवस भरत आले की कंपनी ब्रेक द्यायची आणि माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर. ज्ञानूला या खेपेला ब्रेक दिलेला नव्हता. परमनंट करणार म्हणून सुपरवायझरनं शब्द दिला होता, फक्त एकही खाडा व्हायला नको. वाडीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. हौसाबाई भेटेल त्याला ती सांगायची.

त्यांची एक गाय होती. गाय व्याली, चीक निघाला, आणि रीतीप्रमाणे हौसाबाईनं खरवस करून घरोघरी वाटी पोचवली. तिसऱ्या दिवशी गाय बिघडली. चारा घेईना, तोंडातून लाळेच्या तारा, आणि हंबरायची ती घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात. घशात काही अडकलं असं वाटून शेजारच्या किसननं कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. काही सापडलं नाही, तेव्हा मला निरोप आला.

मी गोठ्यात पाऊल टाकलं आणि तो आवाज ऐकूनच थांबलो. जनावराच्या घशात अडकलंय असं वाटतं तेव्हा आत हात घालायच्या आधी पिसाळ आठवावा, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं. वाडीतल्या माणसाला कोण शिकवणार? मागचे पाय लटपटत होते. डोळा भलतीकडेच लागलेला. मी विचारलं, "मध्ये कधी कुत्रं, कोल्हं चावलं होतं का हिला?"

ज्ञानू म्हणाला, "कोल्हं आलतं मागं. ओढ्याला चरत व्हती. दिवसाढवळ्या आलं आन् नाकाडाला धरलं. हाकललं आमी. हळद लावली, बरं झालं."

माळ सपाट करून शेड बांधायला लागल्यापासून कोल्हे बिळं सोडून कारखान्यांच्या कँटीनच्या उकिरड्यांपर्यंत यायला लागले होते. पण भर दिवसा माणसांदेखत गाईवर येणारं कोल्हं धीट नसतं, आजारी असतं. मी किसनला म्हटलं, उद्यापासून पुण्याला जायचं, पोटात सुया घ्यायच्या, रोज एक, दोन आठवडे. तो म्हणाला, "गाईला काय झालंय त्ये बघा की, मला कशाला टोचताय?" बोलला, पण गेला. पुढे भेटला की पोटावर हात फिरवत मला शिव्या द्यायचा. त्या शिव्या मला गोड वाटायच्या.

गाय त्याच रात्री गेली. खात्री करायची तर मेंदू हवा, आणि मेंदू हवा तर कवटी फोडायला हवी. नुकत्याच व्यालेल्या गाईवर कुऱ्हाड चालवायची म्हटल्यावर वाडीतले पुरुष वाट अडवून उभे राहिले. एकजण म्हणाला, "डॉक्टर, तुमी सरकारी आसाल, पण ही गाय हाय." मी समजावत होतो, आवाज चढत होता. तेवढ्यात हौसाबाई मध्ये आली. लहानखुरी, काळीसावळी, हिरवं लुगडं. म्हणाली, "लोकांच्या पोराबाळांनी माझ्या हातचा खरवस खाल्लाय. काय व्हतं ते कळाया नगं? कापा. फकस्त वासराम्होरं कापू नका." तिनं स्वतः वासरू उचलून पलीकडच्या घरी नेऊन बांधलं. मग पुरुष वाटेतून बाजूला झाले. ड्रेसरनं आणि मी काम उरकलं, खड्डा खणून चुना टाकून गाय पुरली, आणि डबा घेऊन मी रस्त्याला लागलो.

प्रयोगशाळेनं पिसाळच सांगितला. मी वाडीत परतलो तेव्हा सगळी वाडी पारावर जमली होती, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, खरवस. पोरांना घेऊन बाया रडत होत्या. एकीनं तर पोराच्या घशात बोटं घालून ओकायला लावलं होतं. मी परत परत सांगितलं की उकडलेल्या चिकातून काही होत नाही, शिजवल्यावर तो रोग मरतो. भीती आहे ती लाळेची. लाळ, आणि हाताला चीर असेल तर. हे पटवण्यात दुपार गेली. शेवटी मी हौसाबाईच्या दारात बसलो. ती उंबऱ्याशी, ज्ञानू खांबाला टेकून उभा, शिफ्टला निघायच्या तयारीत. मी सरळ विचारलं, "मावशी, किसनशिवाय तिच्या तोंडात कोणी हात घातला होता? तू, ज्ञानू, कोणीही?"

ज्ञानू म्हणाला, "म्या दावं धरलं व्हतं निस्तं."

हौसाबाई थोडं थांबली. मग म्हणाली, "न्हाई. पाटीत घातलं म्होरं, तिनं तोंडच लावलं न्हाई. म्या कशाला हात घालू?" आणि तिनं हात पदराखाली घेतले. बायका पुरुषमाणसासमोर पदर सावरून घेतात, तसंच ते होतं. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि चहा टाकते म्हणून आत गेली.

त्यांचा कुत्रा मोत्या अंगणात पडलेला असे. तांबडा, एक कान फाटका. त्याला मीच लस टोचली होती आणि गळ्यात पत्र्याचा बिल्ला बांधला होता. त्या दिवशी निघताना वाडीतल्या झाडून सगळ्या कुत्र्यांना टोचलं आणि बिल्ले बांधले. मनात म्हटलं, ही वाडी आता पक्की झाली.

दीड-दोन महिने गेले असतील. सकाळी दवाखाना उघडतोय तोच ज्ञानू सायकलवर आला. घामानं निथळलेला. म्हणाला, "डॉक्टर, आई पानी घेईना." मी विचारलं, ताप आहे का. "कालपास्नं. हाताला मुंग्या येत्यात म्हनत व्हती. आन् पान्याचा तांब्या म्होरं केला की गळाच आवळतोय तिचा." मी दवाखान्याला पुन्हा कुलूप लावलं. मग त्याला घेऊन निघालो. वाटेत एकदा मनात आलं की हा पिंपरीच्या इतक्या डॉक्टरांना सोडून जनावरांच्या डॉक्टरकडे कसा आला. पण ते तेवढ्यावरच राहिलं.

हौसाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. वाऱ्याची झुळूक आली की अंग आक्रसायचं. तोंड पुसून पुसून पदर भिजलेला. पण शुद्ध पूर्ण होती. या रोगाचं तेच वाईट आहे. झटका ओसरला की माणूस आपल्याशी नेहमीसारखं बोलतं, आपण कोण ते ओळखतं, घरातल्या कामांची आठवण काढतं. मी ज्ञानूला जीप बघायला रस्त्यावर पिटाळलं. तो गेला तशी तिनं हात पुढे केले. कडबा तोडून तोडून विळ्यानं चिरलेले, भेगाळलेले हात. बोटांवर जुने कापल्याचे वण.

"म्या चारलं व्हतं," ती म्हणाली. "गूळ घालून बाजरी शिजवली व्हती. बाळंतीण ती. हातानं घास दिल्याबिगर कशी खाईल? जबडा उघडून आत सारला, दोनदा-तीनदा. तिनं गिळलं न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, मी विचारलं होतं ना गं तुला."

"रोज पुन्याला जायाचं. मला एकटीला कुठं ठावं पुनं? त्यालाच यावं लागलं आसतं. दोन आठवडं. त्याचं परमनंट गेलं आसतं." मग एक झटका आला. तो जाईपर्यंत मी तिचा खांदा धरून बसलो. बोलायला लागली तेव्हा आवाज गाईसारखाच घोगरा झाला होता, आणि हे लिहिताना मला अजून तो ऐकू येतो. ती म्हणाली, "त्याला कळू देऊ नगा. कुत्र्याचं म्हना. जल्मभर मनाला लावून घेईल."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

पुण्याच्या इस्पितळात तिथल्या डॉक्टरांना मी खरं ते सांगितलं, कारण ते सांगणं माझं काम होतं. तिच्या जवळ बसणाऱ्यांना सुया द्यायला लावल्या. ज्ञानूलाही. त्याच्या कंपनीत मीच गेलो. सुपरवायझर देवमाणूस निघाला. म्हणाला, "अहो, आधी सांगितलं असतं तर तेव्हाही काढला असता मार्ग. सकाळची पाळी दिली असती, दुपारी पुण्याला." हे विचारायला कोणी आलंच नव्हतं. हौसाबाईला कंपनी म्हणजे एक भिंत वाटत होती, आणि भिंतीला कोण विचारतं. ती दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. सुनेला मुलगी झाल्याचा निरोप त्याच आठवड्यात आला.

वाडीत लोक आपसांतच म्हणायला लागले, कुत्रंच डसलं असणार, म्हातारीनं अंगावर काढलं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दिलेला शब्द पाळत होतो. दिवस घातले त्या दुपारी मी भेटायला गेलो तर माळावर काठ्यांचा आवाज. वाडीतली कुत्री पोरं घेरून आणत होती आणि पुरुष मारत होते. मी धावत गेलो, ओरडलो, यांना सगळ्यांना टोचलंय, बिल्ले बघा गळ्यात. ही मारलीत तर यांच्या जागी नवी येतील, न टोचलेली, कँटीनच्या उकिरड्यावरची. एकजण म्हणाला, "डॉक्टर, बाजूला व्हा. आमचं मानूस गेलंय." त्या गर्दीत ज्ञानू होता, डोकं भादरलेलं. मोत्या त्याला पाहून शेपूट हलवत त्याच्याकडे चालत आला. मी ज्ञानूला हाक मारेपर्यंत त्याची काठी मोत्यावर पडली होती. नंतर मी तो बिल्ला सोडवून घेतला. वाकला होता, पण नंबर वाचता येत होता.

ज्ञानू परमनंट झाला. पावसाळ्यानंतर वाडीत खरंच नवी कुत्री आली, आणि पुढच्या दोन वर्षांत मी त्या बाजूनं डबा घेऊन जितक्या वेळा पुण्याला गेलो तितक्या वेळा आधी कधी गेलो नव्हतो. हळूहळू तो माळही भरत गेला, वाडीच्या कडेनं वर्कशॉप आली, कोल्हे दिसेनासे झाले. ज्ञानू रस्त्यात भेटला की सायकलवरून उतरून नमस्कार करायचा. आईचा विषय त्यानं कधी काढला नाही, मीही नाही. मला वाटायचं, एक तरी काम आपल्याकडून नीट झालं, या पोराच्या डोक्यावर ते ओझं पडलं नाही.

ऐंशी सालानंतर माझी बदली ठरली. शेवटच्या आठवड्यात तो दवाखान्यात आला. आता स्कूटर होती, केस पिकायला लागले होते. पिशवीत एक कुत्र्याचं पिल्लू. म्हणाला, पोरगी हट्ट करते, टोचून द्या. मी लस भरत होतो, तो पिल्लू धरून होता. लेथवरच्या माणसाचे असतात तसे हात, लोखंडाच्या किसानं कापून कापून खरबरीत झालेले. अगदी तिच्यासारखे.

तो एकदम म्हणाला, "डॉक्टर, तुमी जानार, म्हून सांगतो. आईनं तुमाला काय सांगितलं त्ये मला ठावं हाय. कुत्र्याचं न्हवतं त्ये. म्या शिफ्टवरनं आलो तवा ती गाईला चारत व्हती. हात मनगटापत्तुर आत. म्या दारातनं बघितलं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून हा जाणून होता. पाणी घेईना म्हणून हा ढोरांच्या डॉक्टरकडे धावला तो त्याचसाठी. मी म्हणालो, "मग मोत्याला का मारलंस?"

"समदे बघत व्हते. म्या हात आखडला आसता तर कुनीतरी इचारलं आसतं, का म्हून."

मी पिल्लाला टोचलं. ते ओरडलं, त्यानं त्याला छातीशी घेतलं. मी बिल्ला शोधायला खण उघडला. माझी पाठ त्याच्याकडे होती, तेव्हा तो पुढचं बोलला.

"तुमी इचारलं त्या दिवशी, तोंडात कुनी हात घातला म्हून, आठवतंय? आई लगेच बोलली न्हाई. आधी माझ्याकडं बघितलं तिनं. म्या काय म्हनतो त्ये बघत व्हती." पिल्लाचं अंग तो चोळत राहिला. "म्या दाव्याचं सांगितलं आन् गप राह्यलो. मग ती न्हाई म्हनाली."